फावडं हललं की

कायद्याचं कलम रसग्रहणासाठी सहसा कुणी हाती घेत नाही. पण चोरीची व्याख्या मला मनापासून आवडते. जुन्या भारतीय दंड संहितेचं हे कलम 378. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक 303 झाला. भंडारा जिल्ह्यात, जिथे वैनगंगेच्या रेतीची चोरी हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे, तिथे या कलमाची बांधणी नीट उमगते.

दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीने काढून घेण्याच्या इराद्याने जो हलवतो, तो चोरी करतो. सगळा भार ‘हलवतो’वर आहे. घरी नेणं, विकणं लांबच. दंड संहितेच्या मेकॉलेने केलेल्या 1837 च्या मसुद्याने कलमांना छोटे दृष्टान्त जोडण्याची रीत घालून दिली. त्यातला एक विलक्षण आहे. खजिन्याची पेटी वाहणारा बैल ‘क’ला वाटेत भेटतो. खजिना लाटायचा म्हणून तो बैलाला हाकतो. बैल चालू लागला की चोरी झाली. पेटी अजून त्याच्याच पाठीवर!

इंग्लंडच्या 1968 च्या चोरीविषयक कायद्यात मालकाला वस्तूपासून कायमचं वंचित करण्याचा इरादा लागतो. आपल्याकडे ‘कायमचं’ ही अटच नाही. परवानगीशिवाय उडवून नेलेल्या विमानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये हे स्पष्ट केलं.

आता वैनगंगेच्या रेतीघाटावर या. जमिनीला जडलेली वस्तू चोरता येत नाही, ती सुटी झाली की येते, असं पहिलं स्पष्टीकरण सांगतं. दुसरं म्हणतं, सुटी करणं आणि हलवणं एकाच कृतीत झालं तरी चोरी होऊ शकते. म्हणजे नदीच्या पात्रात खुपसलेलं फावडं रेतीसकट वर आलं, तिथेच घटक जुळले. टिप्पर भरायची वाट पाहायला नको. तिसरं स्पष्टीकरण तर याच नदीवरच्या गोसीखुर्दच्या धरणाकडे बघत वाचावं: अडसर दूर करणं हेसुद्धा हलवणंच. 33 दारांपैकी एक उचललं की पाणी आपणहून धावतं, तसं.

पण पात्रातली रेती ताब्यात कुणाच्या? 2014 मध्ये, दिल्लीतल्या यमुनेच्या रेतीच्या प्रकरणासह आलेल्या अपिलांत, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती शासनाची मालमत्ता आहे. विनासंमती उचलणाऱ्यावर खनिज कायद्याखेरीज चोरीचाही खटला चालू शकतो. मला हे योग्य वाटतं. नुसता दंड भरून सुटण्याइतकी नदी स्वस्त नाही.

तरी कलमाचं मोठेपण मला त्याच्या कठोरपणात दिसत नाही. एका दृष्टान्तात ‘क’ हा ‘य’च्या बायकोकडे भिक्षा मागतो. ती नवऱ्याचे पैसे, अन्न, कपडे देते. तिला देण्याचा अधिकार आहे असं ‘क’ला खरोखर वाटलं असेल, तर ती चोरी नव्हे. हाच न्याय रात्री ट्रॉली भरणाऱ्या मजुराला लावून पाहा. घाटाचा लिलाव झालाय, रॉयल्टी भरलीय, असं त्याला सांगितलेलं असतं आणि त्याचा त्यावर विश्वास असतो. रेती पहिल्यांदा हलवली त्यानेच. पण लबाडी त्याच्या मनात नाही; ती सांगणाऱ्याच्या मनात आहे. तपास घाटावरच्या मजुरापाशी थांबला, तर कलमाचा निम्माच भाग वाचला गेला.