ठिपके आणि वाट : ‘आजोबा’ चित्रपट वर्गात दाखवताना

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे उसाचे आणि साखर कारखान्याचे गाव. २०२० च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा इकडेही रात्री उसाला पाणी द्यायला एकटे जायची कोणाची छाती होईना. ‘बिबट्याच्या गळ्यात यंत्र बांधा, म्हणजे तो कुठे आहे ते कळत राहील,’ असा उपाय मुले तेव्हापासून सुचवतात. या निमित्ताने आम्ही नववी-दहावीच्या मुलांना ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट दाखवला.

सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मे २०१४ मध्ये आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या कामावर तो बेतलेला आहे. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बिबट्या वर काढण्यात आला. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तो सुमारे महिनाभरात मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. अभ्यासिकेची भूमिका ऊर्मिला मातोंडकर यांनी केली आहे. बिबट्याला खलनायक न ठरवता त्याच्याविषयी कुतूहल जागे करणारा चित्रपट मराठीत निघाला, हेच मोठे काम आहे. मुलेही रंगून गेली.

आमची तक्रार वेगळी आहे. पडद्यावर बिबट्या सलग चालताना दिसतो; पट्ट्याने अभ्यासकांना दिले ते फक्त ठिपके. ठिपक्यांची वाट कशी होते, हा या कथेतला विज्ञानाचा गाभा. नेमका तोच प्रेक्षकाच्या हाती लागत नाही.

आधी जुनी पद्धत पाहू. पट्ट्यातील प्रेषक ठरावीक कंप्रतेवर, बहुधा १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास, ‘टिक् टिक्’ असे स्पंद पाठवतो. अभ्यासक रिसीव्हरला जोडलेला अँटेना फिरवतो. आवाज सर्वांत मोठा येईल ती प्राण्याची दिशा. दोन वेगळ्या जागांहून दिशा घेतल्या की नकाशावरील दोन रेषा जिथे छेदतात, तिथे प्राणी असावा. ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा. दिशेत केवळ ५ अंशांची चूक झाली, तर १ किलोमीटर अंतरावर जागा सुमारे ८७ मीटर सरकते. दहावीची मुले हा हिशेब त्रिकोणमितीने करू शकतात. माणसाऐवजी डेटा लॉगर बसवला, तर तो किती वाजता, कोणत्या कंप्रतेवर, किती तीव्रतेचा संदेश आला याची नोंद रात्रभर करतो. पण प्राणी टप्प्याबाहेर किंवा डोंगराआड गेला, तर नोंदवहीत जागा कोरी राहते.

आजोबाचा पट्टा नव्या प्रकारचा होता. असा पट्टा ठरलेल्या वेळी उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःची जागा ठरवतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून कळवतो. जाळे नसेल तर नोंदी साठवून ठेवतो आणि मागाहून पाठवतो. म्हणजे आपल्याला मिळते ती बऱ्याचदा शिळी बातमी असते. बिबट्या आत्ता कोणाच्या उसात आहे, हे ती सांगेलच असे नाही.

आता अंतर. आजोबा १२० किलोमीटर चालला, असे सांगितले जाते. नकाशावर माळशेज ते बोरिवली हे अंतर सरळ रेषेत मोजले तर त्याहून कमी भरते. मग खरे कोणते? दोन्ही अंतरे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ठिपके सरळ रेषांनी जोडून आलेली बेरीज प्रत्यक्ष वाटेपेक्षा कमीच असते, आणि नोंदी जितक्या कमी वेळाने घ्याव्यात तितकी ती वाढत जाते. टिपेश्वर अभयारण्यात २०१९ साली पट्टा बांधलेला वाघ त्याच वर्षाच्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याचा प्रवास १३०० किलोमीटरहून अधिक भरला होता. सरळ अंतर मात्र सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

आजोबाने वसईची खाडी पोहून ओलांडली असेही सांगतात. एक ठिपका खाडीच्या अलीकडे आणि पुढचा पलीकडे असेल, तर ती ओलांडली हे नक्की. पोहून की पुलावरून, हे ठिपके सांगत नाहीत. ‘तो घरी निघाला होता’ हेही अनुमानच आहे. पटण्याजोगे, पण अनुमान. चित्रपटाला अनुमान रंगवण्याची मुभा आहे. शिक्षकाला मात्र निरीक्षण कुठे संपते आणि अनुमान कुठे सुरू होते, ती रेघ दाखवावी लागते.

ही रेघ एवढी महत्त्वाची का? कारण बिबट्या पकडला की गावाची पहिली मागणी ‘लांब नेऊन सोडा’ हीच असते. लांब सोडलेला बिबट्या तिथेच थांबेल असे नाही, हे आजोबाच्या ठिपक्यांनी दाखवले. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे मोठ्या संख्येने हलवू लागल्यावर ते सुमारे चौपट झाले, असे अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. आमच्या मते चित्रपटाने प्रेक्षकाला द्यायचा खरा धडा हा होता. प्रवासाच्या नवलाईत तो झाकला गेला.

चित्रपट जरूर दाखवावा. नंतर एका मुलाला शाळेभोवती अर्धा तास मनाप्रमाणे फिरू द्यावे. दुसऱ्याने त्याची जागा दर दहा मिनिटांनी, तर तिसऱ्याने दर मिनिटाला कागदावर मांडावी. दोन्ही नकाशे फळ्याशेजारी लावून विचारावे : ‘यातली खरी वाट कोणती?’ दोन्हीही नाहीत, हे उत्तर मुलांकडूनच आले, की ‘आजोबा’ पुन्हा एकदा दाखवावा.