शेजार, भाडेकरू आणि विनोद

विनोदी चित्रपटाची परीक्षा करताना आपण तो किती हसवतो हे पाहतो. त्याने उभ्या केलेल्या वस्तीत राहायला कोणाला जागा मिळाली, हे सहसा पाहत नाही. ब्रिटिश ईलिंग स्टुडिओचा 'पासपोर्ट टू पिमलिको' (१९४९) आठवावा. लंडनचा एक मोहल्ला स्वतःला स्वतंत्र देश ठरवतो, ही त्याची गंमत. आदल्याच वर्षी 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक इंग्लंडात उतरले होते. पडद्यावरच्या मोहल्ल्याला मात्र त्यांचा पत्ता नाही. पुढे 'द मिलियनेअरेस'मध्ये (१९६०) भारतीय डॉक्टर आला, तोही पीटर सेलर्सने चेहरा रंगवून साकारलेला.

आपल्याकडे हाच प्रश्न 'अशी ही बनवाबनवी'ला (१९८८) विचारून पाहावा. हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चे (१९६६) हे मराठी रूप. घरमालकीण लीलाबाई काळभोर यांची अट एकच, भाडेकरू विवाहित हवेत. म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशुरामची पार्वती. पुरुषांना साडीत कोंडून बाईपणाची अडचण दाखवणारे हे कथानक चलाख आहे, आणि त्यातले हसू आजही शिळे झालेले नाही. पण भाड्याचे घर शोधणाऱ्या कित्येकांना लग्नाआधी आडनाव विचारले जाते, मग ताटात काय असते ते. या चित्रपटात लिंग लपवावे लागते. जात वा धर्म लपवण्याची वेळ कोणावरच येत नाही. ज्याला ती लपवावी लागली असती, तो भाडेकरू कथेच्या दारापर्यंतही पोहोचत नाही.

रंगभूमीने या बाबतीत आधीच एक पाऊल टाकले होते. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने (१९८०) मालवणीला नाटकाच्या केंद्रस्थानी बसवले. मच्छिंद्र कांबळींच्या तोंडची बोली ऐकून हसणाऱ्यांत ती बोली घरी बोलणारेही होते. आपल्यावर कोणी हसणे आणि आपण आपल्यावर हसणे, यांतला फरक तिथे कळतो.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती चाळी उठल्या, मग सोसायट्या, मग टॉवर. आदित्य सरपोतदारांच्या 'झोंबिवली'ने (२०२२) हीच रचना भयविनोदात आणली. एका बाजूला नवा टॉवर, शेजारी जनतानगर, आणि मधे पाण्याचा प्रश्न. ललित प्रभाकरचा विश्वास हा वस्तीतला माणूस इथे नायकांपैकी एक आहे, कोणाच्या घरचा हरकाम्या नाही. ही मोठी कमाई. तरीही कथा डोंबिवलीत शिरते ती टॉवरमध्ये राहायला आलेल्या मध्यमवर्गीय जोडप्याबरोबर. वस्तीची ओळख आपल्याला त्यांच्यामागून होते. शिवाय टॉवर आणि वस्ती एकत्र यायला झोंबींचे संकट यावे लागते. रोजच्या पाण्याने ते घडत नाही, हे चित्रपटाने नकळत सांगितलेले सत्य आहे.

आज मोबाइलवर आगरी बोलीतल्या विनोदी चित्रफिती याच पट्ट्यातली पोरे स्वतः करतात. तिथे बोलीला दुभाषा लागत नाही. मोठ्या पडद्याने त्यांच्याकडून केवळ हेल उचलला तर जुनीच नक्कल नव्याने होईल. गोष्ट कोणाच्या घरातून सुरू होते, ती जागा बदलली तरच पडद्यावरचा शेजार खरा होईल.