उद्देशवाक्याची परीक्षा : वरोऱ्याच्या निमित्ताने

संस्था स्थापन होताना जे गद्य लिहिले जाते, त्याकडे मराठी समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत मराठीत या गद्याची निर्मिती विपुल झाली आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात व्यक्तींनी विधानपत्रावर सह्या करून संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि व्यवस्थापक मंडळ नमूद करावे लागते. कायद्याच्या या एका अटीमुळे गावोगावच्या वाचनालयांना, शिक्षण मंडळांना आणि अलीकडे शाळांसाठी विनामूल्य सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या स्वयंसेवी गटांनाही ‘आम्ही कशासाठी आहोत’ हे लिहून द्यावे लागते. यांपैकी बहुतेक लेखन निर्जीव असते. ‘समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कार्य करणे’ यासारखे वाक्य कोणत्याही संस्थेच्या विधानपत्रात बसते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत त्याला अतिव्याप्तीचा दोष जडलेला असतो. जे वाक्य कशालाच नकार देत नाही, ते कशाचेच मार्गदर्शन करू शकत नाही.

या वाङ्मयाच्या परीक्षेसाठी निकष परक्या व्यवस्थापनशास्त्रातूनच आणले पाहिजेत असे नाही. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची परंपरा आहे. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, तो कोणत्या अधिकाऱ्यासाठी आहे आणि ग्रंथाचा विषयाशी संबंध कोणत्या प्रकारचा, हे चार प्रश्न शास्त्रकार प्रथम निकालात काढतो. संस्थेच्या उद्देशवाक्यालाही हेच चार प्रश्न विचारता येतात. त्यांपैकी अधिकाऱ्याचा प्रश्न सर्वांत निर्णायक ठरतो, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण वरोऱ्याचे. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये ‘महारोगी सेवा समिती, वरोरा’ ही संस्था स्थापन केली आणि १९५१ मध्ये गावाजवळच्या खडकाळ जमिनीवर ‘आनंदवन’ वसवले. एकाच कार्याची ही दोन नावे दोन भिन्न उद्देशवाक्ये आहेत. नोंदणीचे नाव माणसाची ओळख त्याच्या रोगावरून करून देते. ‘सेवा’ या शब्दाने सेवक आणि सेव्य असे दोन पक्ष गृहीत धरले जातात. त्यात कर्तृत्व सेवकाकडे राहते आणि रोगी हा केवळ विषय होतो. ‘आनंदवन’ या नावात रोगाचा उल्लेख नाही आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचा भेदही नाही. तेथे फक्त प्रयोजन आहे.

या दोहोंमध्ये संबंध जोडणारे तिसरे सूत्र बाबा आमटे यांनी वारंवार मांडले. त्याचा आशय असा की, दानाने माणूस खचतो आणि श्रमाने उभा राहतो. या सूत्राने अधिकारी बदलला. ज्याच्यासाठी संस्था काढली, तोच शेती, हातमाग आणि सुतारकाम यांच्याद्वारे तिचा कर्ता झाला. रोगी हा सेवेचा विषय असल्याचे नोंदणीचे नाव सांगते. तो वसाहतीचा निर्माता असल्याचे सूत्र सांगते. आनंदवनाच्या पुढील इतिहासाचा उलगडा नावापेक्षा या सूत्रानेच अधिक होतो. अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या शाळा, महाविद्यालय, १९६७ मधील सोमनाथचा प्रकल्प आणि १९७३ मध्ये हेमलकसा येथे माडिया गोंड समाजात सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प यांपैकी काहीही ‘महारोगी सेवा’ या दोन शब्दांत सहजपणे सामावत नाही. नाव अव्याप्त ठरले. सूत्राची व्याप्ती मात्र पुरेशी होती. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग बरा करण्याचा मार्ग निश्चित झाला. रोगाच्या नावावर उभ्या असलेल्या उद्देशाचे प्रयोजन अशा वेळी आक्रसू लागते. परावलंबन दूर करण्याचा उद्देश त्याने संपत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. श्रम हाच प्रतिष्ठेचा आधार मानल्यास ज्यांच्याकडून श्रम होणेच शक्य नाही, अशा जराजर्जर आणि विकलांग माणसांचे स्थान कोणते? हा आक्षेप खरा आहे, आणि सूत्रात त्याचे उत्तर नाही. ते उत्तर नोंदणीच्या नावातील ‘सेवा’ या शब्दातच सापडते. म्हणजे जो शब्द वर उणा वाटला, तोच सूत्राची उणीव भरून काढतो. यावरून असे दिसते की, जिवंत संस्थेचा उद्देश एका वाक्यात मावेलच असे नाही. परस्परांना मर्यादा घालणारी दोन विधाने तिला आवश्यक असू शकतात.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. भाषेच्या दृष्टीने तिचे सारे सामर्थ्य एका षष्ठ्यंत रूपाच्या लोपात आणि एका अव्ययात साठलेले आहे. पूर्वार्धातील ‘आमचे’ हे रूप स्वामित्व सांगते. उत्तरार्धात ते गळून ‘आम्ही’ आणि ‘सरकार’ यांचे तादात्म्य होते, आणि ‘च’ हे अव्यय इतर सर्व दावेदारांना वगळते. तरीही पूर्वार्ध कायम असल्यामुळे घोषणा फुटीर होत नाही. राज्यसंस्था मान्य करूनच ती तिची सीमा ठरवते. शिवाय हे वाक्य पारखता येते. गावचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात की नाही, हे कोणालाही पाहता येते. वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावाला २००९ मध्ये मिळाला आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार २०११ मध्ये आला. घोषणेचा अर्थ त्या त्या वेळी व्यवहारात उतरला.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या सॉफ्टवेअर संस्थांना हा विचार विशेषेकरून लागू पडतो. वेतन देणाऱ्या कार्यालयात आज्ञा चालते. स्वयंसेवकाला बांधून ठेवणारे बंधन बव्हंशी मान्य केलेल्या शब्दांचेच असते. जगभरच्या स्वयंसेवकांनी उभारलेल्या ‘डेबियन’ या संगणकप्रणालीच्या मंडळाने १९९७ मध्ये आपला ‘सामाजिक करार’ स्वीकारला. २००४ मध्ये केवळ भाषिक शुद्धीकरण म्हणून त्यात दुरुस्ती मतदानाने मंजूर झाली. त्यापूर्वी मुक्ततेचे वचन ‘सॉफ्टवेअर’ या शब्दाशी निगडित होते. दुरुस्तीनंतर ते संपूर्ण प्रणालीला आणि तिच्या सर्व घटकांना लागू झाले. परिणामी माहितीपुस्तिकांसारखे घटकही त्या कसोटीखाली आले, प्रकाशनाच्या वाटेवर असलेली आवृत्ती अडचणीत सापडली, आणि दुरुस्तीचा अंमल पुढे ढकलण्यासाठी पुन्हा मतदान घ्यावे लागले. ती आवृत्ती २००५ मध्ये बाहेर पडली. शब्दांचे हे बंधन जाचक वाटेल. परंतु वाक्य गांभीर्याने घेतले जात होते, याचेच ते प्रमाण होय.

आता समजा, वरोऱ्याच्या परिसरातील शाळांसाठी असाच एक गट स्थापन होत आहे. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांना दर्जेदार डिजिटल शिक्षण देणे’ हे त्याचे पहिले वाक्य बहुधा असेल. चारही प्रश्नांपुढे ते टिकत नाही. विषय अनिश्चित आहे. ‘दर्जेदार’ या विशेषणाला माप नाही. आणि ‘देणे’ या क्रियापदाने शिक्षक व विद्यार्थी दोघेही सेव्य ठरले आहेत. त्याऐवजी ‘प्राथमिक शाळेतील शिक्षकाला स्वतः बदलता येतील आणि इंटरनेटविनाही चालतील असे गणिताचे पाठ त्याच्यासमवेत तयार करून विनामूल्य वाटणे’ असे लिहिल्यास काय करायचे आणि काय नाकारायचे, हे दोन्ही कळते. जे पाठ शिक्षकाला बदलता येणार नाहीत, ते कितीही आकर्षक असले तरी या वाक्याने बाद होतात. भामरागडच्या ज्या मुलाची घरची भाषा माडिया आहे, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. पाठ बदलण्याचा अधिकार शिक्षकाकडे नसेल, तर त्या मुलाची भाषा पाठात येण्याची वाट दूर कोठेतरी बसलेल्या कर्त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

तात्पर्य, उद्देशवाक्याची परीक्षा त्याच्या उदात्ततेवरून करणे पुरेसे नाही. त्यातील क्रियापदाचा कर्ता कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. ज्याच्या नावाने संस्था उभी राहते त्याला त्या कर्त्याच्या जागी येण्यास वाव आहे काय, हे नंतर पाहिले पाहिजे. आणि वाक्य खोटे ठरण्याची शक्यता त्यातच ठेवलेली आहे काय, हे शेवटी. नोंदणी कार्यालयांतील आणि संस्थांच्या दप्तरांतील विधानपत्रे या दृष्टीने संकलित करून वाचली गेल्यास मराठी गद्याच्या एका दुर्लक्षित प्रकाराचा आणि त्याबरोबरच विदर्भातील संस्थाजीवनाचा अभ्यास अधिक पक्क्या पायावर उभा राहील.