रैखिक बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम आणि भाषेचा विद्यार्थी

अर्थविचारातील आजचे संगणकीय लेखन ज्याला वाचावयाचे आहे, त्या भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला रैखिक बीजगणिताचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. १९९० मध्ये डीअरवेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्द आणि लेख यांचे कोष्टक मांडून त्याचे आव्यूह म्हणून विघटन केले. २०१३ मध्ये मिकोलोव्ह प्रभृतींनी प्रत्येक शब्दाला काही शे मितींच्या सदिशाचे रूप देण्याची सुलभ रीत दाखविली. अशा पद्धतींत दोन शब्दांच्या अर्थसाम्याची चर्चा दोन सदिशांमधील कोनाच्या परिभाषेत होते. तेव्हा हा विद्यार्थी 'सदिश' या संज्ञेचा कोणता अर्थ मनात बाळगून परत येतो, हा प्रश्न गणित विभागापुरता मर्यादित राहत नाही.

असे विद्यार्थी बहुधा ज्या अभ्यासक्रमाकडे वळतात तो म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा '१८.०६' या क्रमांकाने ओळखला जाणारा अभ्यासक्रम होय. त्याची व्याख्याने १९९९ मध्ये चित्रित झाली व पुढे त्या संस्थेने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. त्यास जोडलेले 'इंट्रोडक्शन टू लिनिअर अल्जिब्रा' हे पुस्तक १९९३ मध्ये निघाले. त्याची सहावी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्ट्रँग यांनी या अभ्यासक्रमाचे शेवटचे व्याख्यान दिले. एवढे दीर्घायुष्य लाभलेला पाठ परीक्षणास पात्र ठरतो, हे वेगळे सांगावयास नको.

या विषयाच्या अध्यापनातील मुख्य अडचण गणिताच्या अध्यापकांना पूर्वीच जाणवली होती. डेव्हिड कार्लसन यांनी १९९३ च्या एका लेखात तिला धुक्याची उपमा दिली. समीकरणे सोडविणे, आव्यूहांचा गुणाकार करणे येथवर वर्ग सुखाने चालतो. उपअवकाश, रैखिक स्वातंत्र्य, आधार हे शब्द आले की एकाएकी धुके उतरते आणि कालपर्यंत बिनचूक उत्तरे देणारा विद्यार्थी गोंधळून जातो. याचे कारण गणिताइतकेच भाषेतही शोधावे लागेल. पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याला क्रियापदे दिलेली असतात: वजा कर, गुण, मांड. त्यानंतर नामे येतात, आणि त्या नामांच्या व्याख्या 'कोणतेही', 'सर्व', 'असे काही' या शब्दांच्या सूक्ष्म क्रमावर उभ्या असतात.

रैखिक स्वातंत्र्याचेच उदाहरण पाहावे. दिलेल्या सदिशांना कोणत्याही अदिशांनी गुणून केलेली बेरीज शून्य येत असेल, तर ते अदिश सर्वच्या सर्व शून्य असले पाहिजेत, अशी ही व्याख्या आहे. उत्तरपत्रिकांत ती पुष्कळदा उलटी होऊन येते: सर्व अदिश शून्य घेतले की बेरीज शून्य होते. हे दुसरे विधान जगातील प्रत्येक सदिशसमूहाविषयी खरे आहे आणि म्हणूनच ते काहीही सांगत नाही. (१, २, ३), (४, ५, ६), (७, ८, ९) या तीन सदिशांपैकी पहिला व तिसरा मिळवून त्यातून दुसऱ्याची दुप्पट वजा केली की शून्य उरते. ते स्वतंत्र नाहीत. परंतु उलट्या व्याख्येप्रमाणे तेही स्वतंत्रच ठरतील! 'जर-तर' च्या वाक्यातील दोन अंगांची ही अदलाबदल म्हणजे निव्वळ वाक्यरचनेची चूक आहे. गणिताचे अध्यापक तिला 'आकलनाचा अभाव' म्हणून मोकळे होतात, ते काहीसे अन्यायाचे वाटते.

स्ट्रँग यांनी या धुक्यावर जो उपाय योजला तो निःसंशय प्रशंसनीय आहे. पहिल्याच व्याख्यानात ते 2x − y = 0 व −x + 2y = 3 अशा स्वरूपाची, म्हणजे 'क्ष'च्या दुपटीतून 'य' वजा केल्यास शून्य, आणि 'य'च्या दुपटीतून 'क्ष' वजा केल्यास तीन, अशी दोन समीकरणे घेतात. ती प्रथम दोन छेदणाऱ्या रेषा म्हणून दाखवितात आणि लगेच दृष्टी फिरवून स्तंभांकडे वळतात: (२, −१) हा स्तंभ किती वेळा व (−१, २) हा स्तंभ किती वेळा घेतला असता (०, ३) मिळेल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. 'रैखिक संयोग' हे नाम येण्यापूर्वी त्यामागची कृती हातात आलेली असते. नवव्या व्याख्यानात स्वातंत्र्याची व्याख्या येते तीही स्तंभांच्या आव्यूहाचा शून्यावकाश तपासण्याच्या कृतीला बांधलेली. त्यामुळे वरील उलटापालट होण्यास फारसा वाव राहत नाही. निर्धारक अठराव्या व्याख्यानापर्यंत लांबविले आहेत, आणि त्यात काहीच बिघडत नाही.

तथापि या मांडणीची एक किंमत आहे व ती नेमकी भाषेच्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. स्ट्रँग यांच्या फळ्यावर सदिश म्हणजे संख्यांचा उभा स्तंभ. रैखिक रूपांतरण तिसाव्या व्याख्यानात येते आणि आधार बदलण्याचा विचार एकतिसाव्या. शब्दार्थाच्या कामी लागणारे 'सिंग्युलर व्हॅल्यू' विघटन मात्र एकोणतिसाव्यातच झालेले असते. ते पदरात पडताच विद्यार्थी निघून जातो, आणि सदिश वेगळा व त्याचे सहनिर्देशक वेगळे हा भेद त्याच्या कानावर पडतच नाही. एकच वाक्य बालबोधीत लिहिले काय किंवा मोडीत लिहिले काय, वाक्य बदलत नाही, हे ज्याला सांगावे लागत नाही तोच विद्यार्थी मग शब्दसदिशातील सतरावी संख्या बोट ठेवून दाखवितो आणि तिच्यात लिंगभेद किंवा सजीवत्व शोधू लागतो. वस्तुतः २०१३ च्या पद्धतीत शब्दांचे व संदर्भांचे सदिश केवळ परस्परांच्या अदिश गुणाकारातून हिशेबात येतात. दोहोंना एकच परिभ्रमण दिले तर प्रत्येक संख्या बदलेल, परंतु कोन, अंतरे व त्यांवर आधारलेले सर्व निष्कर्ष जसेच्या तसे राहतील. १९९० च्या पद्धतीतील अक्षांना महत्त्वाचा एक क्रम असतो हे खरे. पण तेथेही अक्षाचे धन-ऋण चिन्ह स्वेच्छाधीनच राहते.

शेल्डन ॲक्स्लर यांचे 'लिनिअर अल्जिब्रा डन राइट' (१९९५) हे या बाबतीत दुसरे टोक होय. तेथे अमूर्त सदिश अवकाश आरंभीच आहे, रूपांतरण तिसऱ्या प्रकरणात आहे व निर्धारक शेवटच्या प्रकरणात ढकलले आहेत. सदिश आणि त्याचे सहनिर्देशक यांची गल्लत येथे संभवत नाही. परंतु हे पुस्तक विषयाशी दुसऱ्यांदा भेटणाऱ्यांसाठी आहे असे ग्रंथकारच सूचित करतात. पहिल्या भेटीत ते दिले, तर कार्लसन यांचे धुके पहिल्याच दिवशी उतरेल.

येथे हर्मान ग्रासमान यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सहनिर्देशकांवर अवलंबून न राहता अवकाशाचा विचार करणारा त्यांचा ग्रंथ १८४४ मध्ये निघाला आणि दुर्लक्षित राहिला. सदिश अवकाशाची स्वयंसिद्धके पेआनो यांनी १८८८ मध्ये मांडली ती त्याच ग्रंथाच्या आधारे. स्टेटीन येथे शाळेत शिकविणाऱ्या याच गृहस्थाने 'दधामि' सारख्या रूपांतील पहिल्या महाप्राणाच्या लोपाचा नियम १८६३ मध्ये सांगितला व पुढे ऋग्वेदाचा कोश रचला. त्यांचे नाव भाषाविज्ञानाच्या वर्गात केवळ ध्वनिनियमापुरतेच घेतले जाते.

स्ट्रँग यांच्या क्रमात मोठी उलथापालथ करण्याचे मात्र कारण दिसत नाही. त्यांच्या पहिल्याच उदाहरणात हवे ते सर्व आहे. (२, −१) व (−१, २) हे स्तंभ आधार म्हणून घेतले, तर (०, ३) या सदिशाचे सहनिर्देशक (१, २) होतात. म्हणजे समीकरणांचे उत्तर काढणे आणि त्याच सदिशाला दुसऱ्या आधारात लिहिणे या दोन गोष्टी नाहीत. हे वाक्य पहिल्या व्याख्यानात उच्चारले जात नाही. भाषाविज्ञान विभागात हा अभ्यासक्रम लावावयाचा असेल, तर पहिल्या तासानंतरच्या गृहपाठात आणखी दोन आधार द्यावेत, (०, ३) चे सहनिर्देशक दोन्हींत काढावयास लावावेत, आणि या सर्व उत्तरांत न बदललेले काय आहे ते विद्यार्थ्यांकडून मराठीत, पूर्ण वाक्यात, लिहवून घ्यावे.