मोफत आणि मुक्त

महाविद्यालयीन व्यवहारात ‘मोफत’ व ‘मुक्त’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. वस्तुतः त्यांतील अर्थभेद मूलगामी आहे. युनेस्कोने 2019 साली संमत केलेल्या शिफारशीनुसार जे साहित्य विनामूल्य वापरता येते, शिवाय ज्यात फेरबदल करून ते पुन्हा वितरित करण्याची मुभा असते, तेच मुक्त शैक्षणिक साहित्य होय.

नांदेड-लातूरकडील भाषाविज्ञानाच्या वर्गात हा भेद विशेष जाणवतो. ‘काय करतो आहेस?’ हे प्रमाण मराठीतील रूप. वर्गाबाहेर विद्यार्थी ‘काय करायलास?’ असे विचारतो. हे रूप अध्यापकास तोंडी सांगता येते; परंतु पाठात समाविष्ट करून तो पाठ पुन्हा प्रसिद्ध करण्याचा अधिकार केवळ मोफत असलेले साहित्य देत नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश येथे विचारात घ्यावा. त्याची पहिली आवृत्ती 1831 साली मुंबईत निघाली, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1857 ची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येते. मूळ ग्रंथाचा स्वामित्वहक्क संपलेला असल्याने त्यास पुरवणी जोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. तथापि विद्यार्थी केवळ अर्थ पाहण्यापुरताच तो उघडत असतील, तर हा अधिकार कागदावरच राहतो. प्रत्येक वर्गाने आपल्या परिसरातील थोडे तरी शब्द, गावाच्या उल्लेखासह व वाक्यातील उपयोगासह, नोंदवून त्यात भर घालावी. एरवी मुक्त साहित्यही मोफतच्याच पातळीवर राहील.