ओळख की पात्रता? : ‘लाडकी बहीण’ ई-केवायसीची एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेच्या संकेतस्थळावरील ई-केवायसीची चिकित्सा खाजगीपणाच्या अंगाने करावयाची आहे. योजनेच्या आर्थिक बाजूचा विचार येथे अभिप्रेत नाही.

२८ जून २०२४ च्या शासन निर्णयान्वये पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले; वयोगट पुढे २१ ते ६५ असा झाला. कुटुंबातील स्त्रीची निर्णायक भूमिका बळकट व्हावी, हाही त्यामागील एक हेतू होय. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी अनिवार्य झाली. महिलेचा आधार क्रमांक व ओटीपी एवढ्यावर भागत नव्हते; पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवरील ओटीपीही द्यावा लागे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे काय, हे पडताळण्यासाठी ही तरतूद होती. हेतू रास्त आहे. मात्र ज्या स्त्रीची भूमिका बळकट करावयाची, तिच्या हक्काची किल्ली या पद्धतीने पतीच्या खिशात ठेवली.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा-देवरीसारख्या तालुक्यांतून धानाचा हंगाम सरल्यावर मजुरीसाठी परगावी जाणारे पुरुष आहेत. अशा घरातील स्त्रीने पतीस फोन करावयाचा, त्याने ओटीपी वाचून दाखवावयाचा आणि केंद्रचालकाने तो सर्वांदेखत टंकित करावयाचा! ओटीपी कुणासही सांगू नये, हा उपदेश शासकीय यंत्रणाच करीत असतात. विधवा व घटस्फोटितांसाठी पुढे प्रमाणपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सवलत मिळाली. परंतु परित्यक्तेच्या हाती असा कोणता कागद असतो?

येथे दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. ‘ही व्यक्ती कोण?’ हा एक आणि ‘ही व्यक्ती पात्र आहे काय?’ हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यात मिळू शकते. जर्मनीच्या २०१० पासूनच्या इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रात जन्मतारीख न सांगता वयाची अट पूर्ण होते की नाही, एवढेच संकेतस्थळास कळविण्याची सोय आहे. आपल्याकडेही आधारचे साधे प्रमाणीकरण ‘होय-नाही’ असेच उत्तर देते, आणि मूळ क्रमांक झाकणारा १६ अंकी आभासी क्रमांक २०१८ पासून उपलब्ध आहे. तंत्राचा अभाव हे कारण संभवत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावर मर्यादा घालताना साधन हेतूच्या प्रमाणात असावे, ही कसोटी त्या निकालातून पुढे आली. या कसोटीवर प्रस्तुत पद्धती टिकत नाही, असे आमचे मत आहे. कारण योजनेतच पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट होती. शिधापत्रिकेवर कुटुंबातील माणसांची नोंद असते आणि ती शासनाच्याच दप्तरी असते. पडताळणी तेथून आरंभिली असती, तर निदान या स्त्रियांना पतीकडे ओटीपी मागण्याची वेळ आली नसती.