‘श्रुती’ या संज्ञेचा अर्थविचार : भरत, शार्ङ्गदेव आणि देवल

प्रस्तावना : ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूपासून ‘श्रुती’ ही संज्ञा सिद्ध झाली आहे. पाठ्यपुस्तकांत तिचा अर्थ ‘सप्तकाचा बाविसावा भाग’ असा दिला जातो. ही व्याख्या सोयीची असली तरी मूळ ग्रंथांतील अर्थ तिच्यात मावत नाहीत.

विवेचन : भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामातील सात स्वरांना अनुक्रमे ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा श्रुती दिल्या आहेत; मात्र श्रुतीचे माप तारेच्या लांबीत सांगितलेले नाही. मध्यमग्रामातील पंचम षड्जग्रामातील पंचमाहून जेवढा उतरलेला असतो, तेवढे अंतर म्हणजे प्रमाणश्रुती. सारख्या लावलेल्या दोन वीणांपैकी एक स्थिर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवावयाची आणि तिचे स्वर पहिलीच्या स्वरांत केव्हा मिळतात, हे कानांनी पारखावयाचे, अशी ही रीत आहे. म्हणजेच भरताची श्रुती हा स्वरास्वरांतील संबंध आहे.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने १३व्या शतकात संगीतरत्नाकर रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने वीणेला बावीस तारा लावावयास सांगितल्या. लगतच्या दोन तारांच्या नादांमध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये, ही त्याची अट आहे. येथे श्रुती ही श्रवणशक्तीची मर्यादा ठरते.

कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात श्रुतींना निश्चित कंपनसंख्या दिल्या. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य घेतले. श्रुतिचर्चा प्रयोगाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. तथापि, विसाव्या शतकातील गायकाच्या स्वरांवरून भरताच्या श्रुती सिद्ध होत नाहीत. दोहोंमधील काळात स्वरव्यवस्थाच पालटली होती. प्राचीन ग्रंथकार स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर मानतात. भातखंडे यांनी प्रचलित संगीताचे विवेचन करताना तो पहिल्या श्रुतीवर मानला. त्यामुळे बावीस ही संख्या कायम राहूनही शुद्ध सप्तकाचे स्वरूप बदलले.

निष्कर्ष : संबंध, श्रवणमर्यादा आणि कंपनसंख्या हे ‘श्रुती’चे तीन भिन्न अर्थ होत. एखादे वाद्य वा गायन ‘श्रुतिशुद्ध’ नाही असा निर्णय देताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे सांगितले जात नाही. अध्यापनात हा भेद स्पष्ट केल्यास ‘बावीस’ ही संख्या केवळ पाठांतराचा विषय राहणार नाही.